पूजेला आणलेली हार्ड डिस्क

माझं तोंड वाईट आहे, हे मान्य. बंदेनवाज कॉम्प्युटरवाला म्हणजे येईल त्या गिऱ्हाइकाला झापणारा, असं अख्ख्या सोलापुरात म्हणतात. झापू नको तर काय करू? मेडिकलवाल्यापासून चादरीच्या कारखानदारापर्यंत सगळ्यांचा धंदा एका डब्यात, आणि डबा बंद पडला की माझ्या नावाने बोंब. "भाई, कसंही करून काढून द्या." अरे, मी काय जादूगार आहे?

आदिनाथ मात्र ऐकणारा होता. त्याचा फोटो स्टुडिओ, लग्नसराईत उसंत नसायची. मीच त्याला दुसरी हार्ड डिस्क घ्यायला लावली आणि दम दिला, की प्रत्येक लग्नाचे फोटो हिच्यातही उतरवायचे आणि ही घरी ठेवायची, दुकानात नाही. दुकानात चोरी होईल, आग लागेल, पाणी शिरेल. घरचं घरी शाबूत राहील. पठ्ठ्याने ते तंतोतंत पाळलं. मी दुसऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायचो.

मग आली खंडेनवमी. ज्याच्यावर पोट भरतं, त्याची त्या दिवशी पूजा. आदिनाथने कॅमेरे, प्रिंटर, कॉम्प्युटर, सगळं पुसून हळदीकुंकू लावलं. आणि त्याच्या मनात आलं, की घरच्या कपाटातली डिस्कही वर्षभर राबतेच की, तिलाच कसं वगळायचं? मोठ्या श्रद्धेने आणली, कॉम्प्युटरशेजारी ठेवली, झेंडूचं फूल वाहिलं. मग निरांजन तसंच तेवत ठेवून, शटर ओढून, घरी जेवायला गेला. वर्षभर दोन ठिकाणी राहिलेल्या त्या वस्तू एका जागी आल्या, आणि त्याच दुपारी फोटोसाठी मागे सोडलेल्या पडद्याने पेट घेतला.

मी पोचलो तेव्हा आग विझली होती. शिव्या तोंडात तयार होत्या. पण आदिनाथच्या बोटांना सकाळची हळद अजून लागलेली होती, ती बघून मला बोलवेना. जळक्या दोन्ही डिस्क, कॉम्प्युटरमधली आणि पूजेतली, मी पुण्याला डेटा काढून देणाऱ्यांकडे पाठवल्या. काही निघणार नाही, असं कळवून तिथल्या लोकांनी त्या परत पाठवल्या. त्या द्यायला दिवाळीच्या तोंडावर मी स्टुडिओत गेलो, तर तिथे एक बाई बसली होती.

गोजरबाई, वळसंगची. तिच्या लेकीचं, आरोहीचं, लग्न वैशाखात झालं, फोटो आदिनाथचेच. अल्बमसाठी फोटो निवडायला येतो येतो म्हणत पेरणी आली, आणि श्रावणात तिचा नवरा जोतीराम छातीत कळ येऊन गेला. आता लेक पहिल्या दिवाळीला माहेरी येणार, तेव्हा भिंतीवर बापाचा फोटो पाहिजे, म्हणून ती एसटीने आली होती.

"मालकांना फोटोचा लई कंटाळा," ती मला सांगत होती. "आधार कार्डावरचा हाय, पण त्यो त्यांच्यासारका दिसतच न्हाय. पावण्यांच्या मोबाईलमदी बघितलं, तर समद्यात पाठमोरे, पंगतीत वाढताना. लेकीला वाटंला लावताना ह्या दादांनी मातर एक काढलाय म्हनं, हसतानाचा."

आदिनाथने तिला सगळं सांगितलं. आग सांगितली, पूजाही सांगितली. काही लपवलं नाही.

"मग दुसरीकडं कुटं ठेवला न्हाय व्हय?" तिने विचारलं.

"ठेवला होता, मावशी. तोही मीच इथं आणला."

ती माझ्याकडे वळली. "तुमी मशिनी नीट करता नव्हं? तुमी बघा की काय निघतंय का."

दोन्ही डिस्क माझ्या हातातल्या पिशवीत होत्या. मी नाही म्हणालो. आयुष्यात इतक्या हळू आवाजात मी कुणाला नाही म्हटलं नसेल. जन्मभर जे लोकांना ओरडून सांगत आलो, की दोन जागी ठेवा, ते त्या बाईसमोर तोंडातून निघेना. मला माझ्याच धंद्याची चीड आली.

गोजरबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग आदिनाथला म्हणाली, "तुमी तर बघितलंय त्यांना, दादा. तुमीच काढलाय. सांगा की, कसे दिसत हुते?"

त्या उन्हाळ्यात आदिनाथने लेकींना वाटेला लावणारे किती बाप बघितले असतील. सगळे डिस्कमध्ये आहेत म्हणून त्याने एकही डोक्यात ठेवला नव्हता. त्याचा चेहरा बघूनच मला कळलं, त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. तरी तो म्हणाला, "लई चांगले दिसत होते, मावशी. गुलाबी फेटा, डोळ्यांत पाणी, आणि हसत होते."

तिने बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

"फेटा न्हवता बांधला त्यांनी," ती म्हणाली. "नगं म्हनले. टोपीच हुती."

आदिनाथने मान खाली घातली. तिने आपली पिशवी उचलली, आणि उठताना त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"असू द्या," ती म्हणाली. "तुमी तरी किती जनांचं ध्यानात ठेवनार?"

मग एसटी चुकेल म्हणून ती गेली.