दारासमोरची भिंत

यल्लव्वा गेल्याचं आकारामला कळलं तेव्हा तो कळंब्यात एका बंगल्याच्या परांचीवर उभा होता आणि त्याच्या थापीवर गिलाव्याचा गोळा होता. निरोप राजवर्धनचा, म्हणजे पोराचा होता. ठेकेदाराच्या मोबाईलवर आला होता. आईला सकाळी दवाखान्यात नेलं होतं, ती राहिली नाही. ठेकेदारानं मान वर करून हे सांगितलं. आकारामनं ऐकून घेतलं, थापीवरचा गोळा भिंतीला मारला, रंधा फिरवला, कड सारखी केली आणि मग खाली उतरला. पुढं भावकीत यावर बोलणं झालंच. बायको मेली आणि हा भिंत सारखी करत बसला, असं. तो गोळा टाकायचा कुठं, एवढंच आकारामला त्या वेळी सुचत नव्हतं.

ही २००४ सालातल्या जानेवारीची गोष्ट.

जलदान विधी झाला, पैपाहुणे आपापल्या गावाला गेले आणि घर मोकळं झालं. हे घर आकारामनं चार वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं बांधलं होतं. दारातून आत पाऊल टाकलं की समोर सोप्याची मोठी भिंत. तथागतांची तसबीर, बाबासाहेबांचा फोटो, राजवर्धनच्या लग्नाचा फोटो, सगळं बाजूच्या भिंतींवर होतं. समोरच्या भिंतीवर खिळासुद्धा नव्हता. ती भिंत यल्लव्वाची होती आणि व्हायची राहिली होती.

यल्लव्वा घोटाईचं काम करायची. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, वर्षानुवर्षं पाण्याखाली ठेवायचा. तो लोण्यासारखा झाला की फडक्यातून गाळून भिंतीला पातळ थर द्यायचा आणि ओल आहे तोवर गुळगुळीत गोट्यानं घोटत राहायचं. भिंतच चकाकायला लागते. रंग नको, पॉलिश नको. निपाणीकडच्या माहेरी आईच्या हाताखाली ती हे शिकली होती. सिमेंट आल्यावर हे काम मागं पडलं. नव्वदनंतर पैसेवाल्यांना त्याची पुन्हा आठवण झाली, तेव्हा कोल्हापुरात हे येणाऱ्या बाया दोनच उरल्या होत्या. एक यल्लव्वा आणि दुसरी तिच्याच हाताखाली तयार झालेली धोंडुबाई.

घर बांधताना यल्लव्वानं मागच्या अंगणात निळं पिंप भरून चुना विरवत ठेवला. समोरची भिंत मी करणार, असं सांगून ती आठ दिवस माहेरी गेली. आकारामला वाटलं, ती यायच्या आत भिंत तयार करून ठेवावी. त्यानं सूत लावलं, ओळंबा सोडला आणि सिमेंटचा असा गिलावा केला की बोट फिरवलं तर कुठं अडायचं नाही. आयुष्यात एवढी सरळ भिंत त्यानं दुसऱ्या कुणाची केली नव्हती. यल्लव्वा आली. तिनं भिंतीवरून हात फिरवला.

"लई झ्याक केलासा," ती म्हणाली. "आता टाचे मारा."

एवढ्या गुळगुळीत सिमेंटला चुना धरत नाही. छिन्नीनं सगळी भिंत खरबरीत केल्याशिवाय तिला हात घालता येत नव्हता. आकाराम दिवाळीनंतर मारतो म्हणाला. मग जयंतीनंतर म्हणाला. स्वतःची इतकी चांगली भिंत फोडायला त्याचा हात धजेना. तिनं पुन्हा विषय काढला नाही. दर रविवारी पिंपात पाणी तेवढं घालायची. असं चार वर्षं चाललं.

उन्हाळ्यात सुनेनं, रूपालीनं, दुकानातून रंगांचं जाडजूड पुस्तक आणलं. हल्ली सोप्याची एक भिंत वेगळी करतात, बाकी तीन साध्या ठेवतात, असं तिनं सासऱ्याला समजावून सांगितलं. पुस्तकात खरबरीत टेक्श्चर होतं, दगडाच्या पातळ फरशा होत्या, चिकटवायचे फुलाफुलांचे कागद होते. तिला मोरपंखी लाटांचं टेक्श्चर आवडलं होतं. आत्तींची भिंत आहे, तुम्हाला चालत असेल तरच करू, असंही ती म्हणाली. आकाराम लगेच हो म्हणाला. का म्हणाला, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. टेक्श्चर वरून बसतं. त्याच्या गिलाव्याला धक्का लागणार नव्हता.

दुकानाचा माणूस बघायला आला. "पावणं, ही भित कुणी केली? असल्या भितीवर कायबी उठून दिसंल." आकारामची छाती फुगली. आता ते पिंप ओतून टाकू, असं राजवर्धन म्हणाला, तेव्हा मात्र आकाराम असू दे म्हणाला. यल्लव्वा गेल्यापासून दर रविवारी तोच त्यात पाणी घालत होता.

रंगारी यायच्या आदल्या दिवशी धोंडुबाई आली. नागाळा पार्कातल्या एका वकिलाच्या बंगल्यात यल्लव्वानं १९९६ साली भिंत केली होती. नळ फुटून तिचा एक कोपरा डागाळला होता. तो भरायला बाजारचा चुना चालत नाही, रंग जुळत नाही. यल्लव्वाचा दोन घमेली चुना मिळेल का, असं तिनं विचारलं. आकारामनं दोन घमेली भरून दिली आणि उचलू लागायला स्वतः निघाला. रूपालीही बघायला म्हणून बरोबर आली.

त्या भिंतीचं नाव घरात अनेकदा निघालं होतं. अकरा दिवस यल्लव्वा तिथं जात होती आणि रोज मनगटाला हळद बांधून झोपत होती. एका भिंतीला अकरा दिवस? एवढ्यात मी बंगला उठवला असता, असं आकाराम तेव्हा म्हणाला होता. भिंत बघायला मात्र तो कधी गेला नव्हता.

आता गेला. भिंत दुधावरच्या सायीच्या रंगाची होती. रूपाली समोर उभी राहिली तर तिच्या हिरव्या साडीची सावली भिंतीच्या आत उभी राहिलेली दिसली. आकारामनं तळहात टेकवला. चुन्या-सिमेंटनं फुटलेला हात, पण भिंत माठासारखी गार लागली. मग सवयीनं त्यानं एक डोळा मिटून गाल भिंतीला लावला आणि नजर सोडली. भिंत मधे दोन सुतं, म्हणजे पाव इंच, फुगलेली होती. त्यानं पुन्हा बघितलं. दोन सुतं नक्की. त्याच्या हाताखालच्या गवंड्यानं अशी भिंत केली असती तर त्यानं ती पाडायला लावली असती. इथं आठ वर्षांत ते कुणाच्या डोळ्याला दिसलं नव्हतं आणि दिसायचं कारणही नव्हतं.

वकिलीणबाईंनी काळजीनं विचारलं, काही बिघडलंय का?

"न्हाय," आकाराम म्हणाला. "कायबी बिघडल्यालं न्हाय."

बाई रूपालीला सांगत होत्या की आलेला प्रत्येक माणूस हा संगमरवर कुठला म्हणून विचारतो. त्यांना आर्किटेक्टचं नाव आठवत होतं, करणारीचं ठाऊक नव्हतं. धोंडुबाईनं घमेलं खाली ठेवलं.

"यल्लव्वा आकाराम कांबळे. ध्यानात ठेवा वैनीसाब. आर्किटेक्टनं बोट दावलं, भित हिनं केली. आन् ह्यो तिचा मालक."

बाईंनी आकारामला खुर्ची दिली. तो बसला नाही. भिंतीसमोर उभाच राहिला.

घरी आल्यावर त्यानं पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला. रूपाली दारात थांबली.

"मामा, दुकानाचा माणूस सकाळी येणार हाय."

"येऊ दे की. त्याला च्या पाज, आन् सांग, ही भित चार वर्सामागंच ठरल्याली हाय."

पहिला टाचा मारताना त्याला स्वतःच्या अंगावर मारल्यासारखं झालं. दहाव्याला काही वाटलं नाही. तीन दिवसांत सगळी भिंत देवीचे व्रण उठल्यासारखी झाली. एवढं चांगलं काम फोडलं म्हणून राजवर्धन चिडला, मग मुकाट्यानं राडारोडा बाहेर टाकू लागला.

चुना आणि वाळूचा जाड थर आकारामनं दिला, महिनाभर रोज पाणी मारलं. पातळ थराला धोंडुबाई आली. घोटायचा गोटा यल्लव्वाच्या पेटीत खणात गुंडाळलेला सापडला. काळा, एका बाजूनं तिच्या तळव्याएवढा झिजलेला. आकारामच्या हाताला तो लहान पडला. रूपालीच्या हाताला बरोबर बसला. रूपाली हुपरीची, बापाच्या घरी पैंजणं घासून मोठी झालेली. धोंडुबाईनं तासभर तिचा हात बघितला.

"बाईचा हात चांगला हाय," ती आकारामला म्हणाली. "चांदी घासल्याला हात घाई करत न्हाय. यल्लव्वानं हिला चार वर्सं भाकरी थापायला ठेवली, चुकली बघा."

डाव्या कोपऱ्यापासून दोघी घोटत आल्या. नऊ दिवस लागले. नवव्या दिवशी खिडकीपाशी आल्यावर पिंपाचा तळ लागला. रूपालीनं मोजून सांगितलं, कमी पडली ती बरोबर दोन घमेली. धोंडुबाई ओशाळली. बाजारातून पोतं आणून भागवू म्हणाली. आकारामनं नको म्हटलं. दिलेली घमेली योग्य ठिकाणी गेली आहेत, असं त्यानं तिला सांगितलं आणि गल्लीतल्या सगळ्यांना चहाला बोलावलं.

आता कुणी आलं की आकाराम त्याला भिंतीसमोरच्या खुर्चीत बसवतो आणि स्वतः उभा राहतो. कुठल्या कंपनीचा रंग म्हणून विचारलं की बायकोचं नाव सांगतो, पूर्ण. मग गाल लावून बघायला सांगतो. सरळपणा माझा, चकाकी तिची, म्हणतो. भिंतीवर तसबीर अजून एकही लावलेली नाही, लावायचा विचारही नाही.

पिंपात नवा चुना विरत घातला आहे. दर रविवारी रूपाली त्यात पाणी घालते. तो हाताला लोण्यासारखा लागायला दोन-तीन वर्षं जातील. खिडकीच्या उजव्या बाजूची दीड हात पट्टी अजून घोटायची राहिली आहे.