तळं दिलं

गफूरने तुकड्याचं कातडं चिमटीने सोलून बाजूला ठेवलं, आतलं पांढरं मांस बोटांनी मोकळं केलं आणि डोळे मिटून जिभेवर घेतलं. आखातातल्या, फरवानियातल्या त्या दोन खोल्यांत एसीच्या घरघरीखेरीज आवाज नव्हता. जुम्म्याची नमाज झाली होती, दस्तरखान अंथरलं होतं, भात निवत चालला होता. पण गफूरचा निकाल लागल्याशिवाय कुणी घासाला हात लावायचा नाही, असा या घरचा कायदाच होता.

"बोला गफूरभाई," उदय म्हणाला. "मशिदीमागचं तळं, हायवेजवळचं, की घरचं? हरलात तर बिर्याणी तुमच्याकडून."

उदय मूळचा नाशिकचा, इथे तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनिअर. जिताड्याची चव तळ्यागणिक बदलते ही त्याला आधी शुद्ध थाप वाटायची. मासा तो मासा, त्यात कसले आलेत पत्ते! मग एकदा त्याने स्वतः तीन तळ्यांचे तीन तुकडे अदलाबदल करून ठेवले, आणि गफूरने तिन्ही बिनचूक ओळखले. मशिदीमागच्या तळ्यात पाणी साचलेलं, तिथला जिताडा अंगाने भरलेला पण गाळाचा वास मारणारा. हायवेजवळच्या तळ्यातला एके काळी पंचक्रोशीत नंबर एक. रस्ता रुंद झाला, भराव पडला आणि पाच वर्षांत त्याचं मांस पिठूळ झालं. गफूरच्या घरचं तळं मात्र खाडीच्या बांधाला लागून होतं. आजोबांनी बांधात लाकडी दरवाजाची उघाडी बसवलेली. अमावस्या-पुनवेच्या उधाणाला ती उघडायची, खाडीचं पाणी आत घ्यायचं, ओहोटीला जुनं सोडून द्यायचं. म्हणून तिथला जिताडा घट्ट आणि गोडसर, गाळाचं नाव नाही. इथल्या शर्कच्या मासळीबाजारात याच जातीचा, पिंजऱ्यात पोसलेला मासा मिळतो. त्याला गफूर 'हॉस्पिटलचं जेवण' म्हणायचा.

अजून दोन महिने. साठी झाली, कंपनी आता इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, वाढवून देणार नव्हती. बाकीचे लोक या वयात घाबरतात, गावी जाऊन करायचं काय म्हणून. गफूरला तो प्रश्नच नव्हता. गावी जायचं आणि उघाडी आपल्या हाताने उघडायची. शर्कमधून त्याने नवीन पाग आणून दाराआडच्या खुंटीला टांगून ठेवला होता.

"गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस जाळं फेकणार म्हणे," त्याची बायको जमिला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "माशांना कळवा कुणीतरी!"

गफूरने डोळे उघडले. पाणी प्यायला. दुसरा तुकडा घेतला, या खेपेला पोटाकडचा. तो घास गिळायला त्याला वेळ लागला.

"मीठ कमी पडलं काय?" जमिलाने विचारलं.

"नाही." तो अफताबकडे वळला. अफताब महाडचा, इथे मोबाइलच्या दुकानात होता. सुट्टी संपवून कालच परतला होता. "मासा तौफीकनेच दिला ना रे?"

"त्यांनीच, चाचा. एअरपोर्टवर येऊन दिला, बर्फात बांधून. भाईला सांग, मोठा बघून घेतलाय, म्हणाले."

"बघून घेतलाय?"

"असंच म्हणाले."

"थांबा जरा," गफूर म्हणाला आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात गेला. दार त्याने लोटून घेतलं.

गावाकडच्या धाकट्या भावाने, तौफीकने, लगेच उचलला. "पोचला काय मासा, भाई?"

"पोचला. कुठला रे हा?"

"मशिदीमागचा. परवा सकाळी माझ्यासमोर धरवून घेतला. का, वाटेत खराब झाला काय?"

"घरच्या तळ्यातला का नाही पाठवलास?"

"घरच्या?" तौफीकने विचारलं. "भाई, तळं दिलं ना."

"ते दरवर्षीच देतो आपण. ज्याला दिलं त्याच्याकडे एक मासा मागता येत नाही तुला?"

त्यांच्याकडे तळं दरवर्षी देतात. मासे धरायचा हक्क एका हंगामापुरता कुणाला तरी द्यायचा. तळं जागच्या जागी. वडील असल्यापासून गावाहून फोन यायचा, 'तळं दिलं', आणि इकडून उत्तर जायचं, 'बरं'. चार वर्षांत गफूरचं गावी जाणं झालं नव्हतं. फोनवर मात्र तो विचारायचा, तळ्याचं काय रे? आणि तौफीक म्हणायचा, दिलंय ना.

"दरवर्षीसारखं नाही, भाई." तौफीकचा आवाज खाली आला. "तीन वर्षांमागे मी तुला विचारलं. एक पार्टी आलीय, तळं मागते, देऊ? तू म्हणालास, पार्टी चांगली असेल तर देऊन टाक. कुलमुखत्यारपत्र पण तूच सही करून पाठवलंस. त्यातूनच तर तुझी माडी बांधली."

गफूरला आठवलं. मिरकाबच्या ऑफिसची लिफ्ट, हातात फाइली, कानाला फोन. हो हो, देऊन टाक. मग आलेला कागद. हल्ली भाड्याने द्यायलाही कागद लागत असेल, म्हणून जेवणाच्या सुट्टीत एम्बसीत जाऊन केलेली सही. तीस वर्षं कामगारांच्या इकाम्याचे अरबी कागद शिक्क्यासकट तपासणारा माणूस, आणि घरचा मराठी कागद त्याने वाचला नव्हता. आणि ती माडी! भाऊ असावा तर असा, म्हणून तिचे फोटो त्याने साऱ्या फरवानियाला दाखवले होते.

"आता काय आहे तिथे?"

"भराव. गोदाम होतंय." तौफीक घुटमळला. "भाई, तुला माहीत नव्हतं? तू कधी काही बोलला नाहीस. मला वाटलं, तुला वाईट वाटतं म्हणून बोलत नाहीस. मग मीपण कधी विषय काढला नाही."

"आणि उघाडी?"

"ती पण गेली."

गफूरचा हात ओट्यावर टेकला. त्याला रडू येत होतं आणि बाहेर पाहुणे बसले होते.

"बरं," तो म्हणाला.

दार किलकिलं करून तहरीमने डोकं आत घातलं. "अब्बा, एव्हरीवन इज वेटिंग."

"आलो."

तो बाहेर आला तसा उदय ओरडला, "फोन करून विचारणं म्हणजे कॉपी हं!"

"कॉपी नाही केली." गफूर सावकाश खाली बसला, आधी बरा गुडघा, मग ऑपरेशनचा. "नाही ओळखता आला."

"हरले! अफताब, साक्षीदार आहेस तू. वीस वर्षांत पहिल्यांदा! बिर्याणी मटणाचीच पाहिजे."

सगळे हसले. गफूरही हसला, जरा उशिराने.

जमिला गरम तुकड्यांचं ताट घेऊन उभी होती. तिचं माहेर मशिदीला लागूनच होतं, त्याच तळ्याच्या माशावर ती वाढली होती; आजचा मासा तिथलाच, हे तिने वासावरूनच ओळखलं होतं. 'तुझ्या माहेरचा मासा म्हणजे तळलेला चिखल' असं तीस वर्षं चिडवणाऱ्या माणसाला आज तोच मासा ओळखता येत नव्हता. तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग वाकून एक तुकडा त्याच्या ताटाशी नेला.

"देऊ?" तिने विचारलं.

गफूरने झटकन ताटावर हात आडवा धरला.

"काय देतेस," तो म्हणाला, "ते आधी नीट सांग."

उदय पुन्हा खदखदून हसला. जमिला तुकडा हातात धरून तशीच वाकून राहिली.