भिंतीवरचं पाऊल

चर्चमध्ये कप बशीवर किणकिणला. कप मिस गॉसलिंगचा होता. त्यांनी ऐंशी ओलांडलेली.

रविवारची प्रार्थना आटोपून सगळे चहा घेऊन उत्तरेच्या भिंतीपाशी जमले होते. दारातून शिरणाऱ्याला समोर दिसावा म्हणून सहाशे वर्षांमागे कुणी तिथे नदी ओलांडणारा संत काढला होता. त्याचं दर्शन झालं की त्या दिवसापुरतं मरण टळतं, अशी समजूत. पुढे पंथ बदलला, चित्रावर चुना फासला गेला. पोपडे सुटून पुन्हा वर आलं होतं ते फक्त एक पाऊल आणि त्याच्याशी घुटमळणारा गेरूच्या रंगाचा मासा. उन्हाने विटू नये म्हणून पुढे कपाट ठेवलेलं. आता तिथे भिंत लख्ख होती.

ब्रायनीने तान्ह्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. ती गावात राहायला आली वसंतात. शुक्रवारी, सुगीच्या सणाची झाडलोट करताना तिने कपाट सरकवलं, तर मागे तांबूस डाग. गारगोटीच्या जुन्या भिंती, ओल यायचीच. ब्लीच ओतून तिने तो घासून काढला, आणि वर स्वतःवर खूशही झाली.

"चुना फासणारे परवडले, विनी," थ्वेटसाहेब मिस गॉसलिंगना म्हणाले. चर्चचा कारभार त्यांच्याकडे. "त्यांनी निदान झाकून ठेवलं. तू धुऊनच टाकलंस!"

"पायच गेला म्हणजे आता बुडणार बिचारा संत," मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसली.

सफाईची पाळी दोघींची होती, पण मिस गॉसलिंग तेव्हा बाहेर नळावर फुलदाण्या भरत होत्या. ब्रायनीने तोंड उघडलं. म्हातारीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग तान्ह्याकडे.

"माझंच काम ते, आर्थर," ती थ्वेटसाहेबांना म्हणाली. "हल्ली दिसतंय कुठे मला!"

"मग चावी दे बाई इकडे. पुरे झालं आता."

कोटाच्या खिशातून त्यांनी ती लांबलचक लोखंडी चावी काढली. रोज सकाळी चर्च त्याच उघडायच्या, ब्रायनीच्या जन्माआधीपासून.

ब्रायनीचे कान तापले. एकच वाक्य बोलायचं होतं. ती बाळाची पाठ थोपटू लागली. बाळ झोपलेलंच होतं.

शुक्रवारी तिची पाच वर्षांची लेक टॅबी तिच्याशेजारी बादली धरून बसली होती. आता बिस्किट चघळत तिने आईची बाही ओढली.

"आई, मिस गॉसलिंग खोटं का बोलल्या?"