मापसाहेबांनी गाळलेली एकवीस पानं

मत नसलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय का? मी तरी नाही पाहिला. प्रत्येक घरात एकाला सगळ्यातलं सगळं कळत असतं आणि बाकीच्यांना ते मुकाट्याने ऐकावं लागतं. आपल्या या गोष्टीतल्या घरात तो मान मापसाहेबांचा होता.

मापसाहेब म्हणजे वजनमाप खात्यातले निवृत्त निरीक्षक. तीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून तराजू तपासले, खोटी वजनं जप्त केली, भल्याभल्यांना घाम फोडला. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी आपला मोर्चा पुस्तकांकडे वळवला. त्यातही रहस्यकथा, भुतांच्या गोष्टी, अंतराळातल्या मोहिमा, जादूची राज्यं यांवर त्यांचा जीव. "कविता मोजता येत नाही," ते म्हणायचे, "पण रहस्यकथेत धागा आहे की नाही ते चोख सांगता येतं!"

रस्त्याच्या टोकाला वाचनालय होतं. दाराशीच एक फळा. त्यावर मापसाहेब दर महिन्याला नव्या पुस्तकांबद्दल मत लिहीत आणि खाली शेरा मारीत: 'पुरं माप' किंवा 'कमी माप'. अक्षर मोत्यासारखं, भाषा रोखठोक. लोक आधी फळा वाचत, मग कपाटाकडे वळत. 'कमी माप' पडलेल्या पुस्तकाला कुणी हातही लावत नसे.

वाचनालयाची एक पद्धत होती. विक्रेता नवी पुस्तकं पंधरा दिवस पसंतीवर ठेवून जाई. सभासदांनी ती तिथेच बसून वाचायची. घरी न्यायची मुभा फक्त निवड समितीला. पंधरा दिवसांनी समितीला आवडलेली ठेवायची, बाकीची परत. समितीत माणसं पाच. त्यातले चौघे फळा वाचून हात वर करायचे. पाचवे कोण, हे वेगळं सांगायला नको.

"अगं, ऐकलंस का?" एका दुपारी मापसाहेब चष्मा कपाळावर चढवून म्हणाले. त्यांची बायको समोर मटार सोलत बसली होती. "या खेपेला चार पुस्तकं आलीत. अंतराळयानाची कप्तान कोण, तर सत्तर वर्षांची आजी! भूत दिसतं कुणाला, तर परमुलखातून आलेल्या मोलकरणीला. जादूच्या राज्यातला राजपुत्र कुबड्या घेऊन चालतो. आणि खुनाचा तपास कोण करतंय? बहिरी बाई! जिला दाराची कडी ऐकू येत नाही, ती खुनी काय शोधणार, कप्पाळ?"

"अहो, पण गोष्ट कशी आहे?"

"गोष्ट कसली! हल्ली यादी करून माणसं भरतात. एक आजी घ्या, एक लंगडा घ्या, एक बहिरी घ्या, झालं पुस्तक!"

"पूर्ण वाचलंत?"

"म्हणजे काय!"

बायको गालातल्या गालात हसली. "पस्तीस वर्षं तुमच्या शेजारी बसून काढलीत मी. तुमची पानं उलटायची चाल मला पाठ आहे. पाठलाग चालला असेल तर एकेक पान सावकाश. आणि एकदम सळसळ सुरू झाली की समजावं, पुस्तकातल्या बायका बोलायला लागल्या."

"ते भरताड असतं. कुठे वाचायचं आणि कुठे पुढे जायचं, हे जाणत्या वाचकाला कळतं," मापसाहेब ठणकावून म्हणाले. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्यांचं मत झळकलं. चारही पुस्तकांना त्यांनी झोडपलं होतं, पण सगळ्यात जास्त मार रहस्यकादंबरीला बसला होता. त्यांनी लिहिलं होतं: 'नायिकेला बहिरी करून लेखिकेने काय साधलं ते तीच जाणे. धागा औषधाला नाही. शेवटी खुनी पकडायला कुठल्याशा जेवणातल्या हसण्याचा पुरावा काढला आहे. हे जेवण आख्ख्या पुस्तकात नाही! वाचकाची शुद्ध फसवणूक. कमी माप.'

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत वाचनालयात एक बाई आल्या. समोरच्या लॉन्ड्रीत त्या इस्त्री करत. इस्त्री अशी कडक, की शर्ट एकटा उभा राहील. म्हणून सगळे त्यांना कडकताई म्हणत. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. लॉन्ड्रीच्या काउंटरवर त्यांची एक वही असे. गिऱ्हाइकांनी त्यात लिहायचं, ताईंनी खाली उत्तर द्यायचं. मापसाहेब अकरा वर्षं त्यांच्याकडे शर्ट टाकत होते. तीन बोटं दाखवायची, गठ्ठा ठेवायचा, चालू पडायचं. त्या वहीत त्यांनी आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं.

आता गंमत बघा. कडकताई या वाचनालयाच्या मापसाहेबांपेक्षाही जुन्या सभासद होत्या, आणि कपाटातली एकूण एक रहस्यकथा त्यांनी वाचून काढली होती. रोज अर्धा तास बसून त्यांनी अंतराळातल्या आजीचं पुस्तक वाचलं होतं आणि ही नवी रहस्यकादंबरीही दोनतृतीयांश संपवली होती.

त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या. मत एकदा वाचलं, दोनदा वाचलं आणि खो खो हसत सुटल्या. ग्रंथपालबाई दचकून बघायला लागल्या. ताई तशाच आत गेल्या, टेबलावरची ती कादंबरी उचलली आणि खिडकीशी वाचत बसलेल्या मापसाहेबांसमोर आपली वही ठेवली.

'नववं प्रकरण वाचलंत का?'

मापसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढलं. 'मी पुस्तक पूर्ण वाचूनच मत देतो.'

'मग ते जेवण कुठे आहे?'

'कुठेच नाही! तेच तर माझं म्हणणं आहे.'

ताईंनी पुस्तक उघडलं आणि पान एकशे बारा त्यांच्यापुढे सरकवलं.

गोष्ट अशी होती. एका छापखान्याच्या मालकाचा खून झालेला आणि त्याचं मृत्युपत्र गायब. मृत्युपत्र कुठे दडवलंय, हे त्याने फक्त नायिकेला सांगितलं होतं, तेही काचेच्या खोलीत, खुणांच्या भाषेत. त्या दोघांखेरीज छापखान्यात खुणा कुणालाच कळत नव्हत्या आणि खुणा जाणणारी नायिकेची बहीण त्या दिवशी परगावी होती, म्हणून सगळा संशय नायिकेवर. मालकाचा मेहुणा तर उठता बसता म्हणायचा, "तुमचे हातवारे मला नाही बुवा कळत." नवव्या प्रकरणात मालकाच्या घरी सगळे जेवायला बसलेत. नायिका आपल्या बहिणीला खुणांनी एक विनोद सांगते. बहीण तो बाकीच्यांना बोलून दाखवणार, म्हणून सगळे तिच्या तोंडाकडे बघतायत. आणि त्याआधीच मेहुणा फिस्सकन हसतो.

मापसाहेबांनी ती ओळ वाचली. परत वाचली.

"अरे! हसला! कुणी सांगायच्या आधीच हसला की हो हा!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले, की ग्रंथपालबाईंना तोंडावर बोट ठेवावं लागलं. आजवर इतरांना गप्प करणारे मापसाहेब वाचनालयात पहिल्यांदाच गप्प केले गेले.

म्हणजे मेहुण्याला खुणा येत होत्या! म्हणजे काचेपलीकडचं बोलणं त्याने वाचलं होतं! धागा नाही कसा? धागा चांगला दोरखंडाएवढा होता. फक्त पान एकशे चार ते एकशे चोवीस ही एकवीस पानं मापसाहेबांनी सळसळत उलटली होती. बहिणी-बहिणींचं जेवणाच्या टेबलावरचं बोलणं! त्यात काय असणार?

ते खजील झाले; पण इतक्या सहज हार मानतील तर ते निरीक्षक कसले? त्यांनी लिहिलं, 'धागा आहे, मान्य. तरी नायिका बहिरी दाखवणं ही हल्लीची फॅशनच. यादी करून भरलेलं पात्र.'

ताईंनी उत्तर लिहायला क्षणही घेतला नाही. 'यादी तुमच्या हातात होती. मी गोष्ट वाचत होते. ती बहिरी नसती, तर खुनी सापडला असता का?'

मापसाहेब विचारात पडले. विनोद तोंडाने सांगितला असता, तर सगळेच हसले असते. मेहुणा पकडला गेलाच नसता. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'नाही.'

'दुकानात गेल्यावर तुम्ही निम्मीच वजनं तपासायचात का?'

'कधीच नाही! एकूण एक वजन तपासायचो!' पेन कागदात रुतलं.

'मग इथेच कसं चाललं?'

मापसाहेबांनी पान एकशे चार उघडलं. ताई पुन्हा लिहू लागल्या, आणि या वेळी त्यांचा हात सावकाश चालत होता. 'मी चाळीस वर्षं रहस्यकथा वाचते. बहिरं माणूस त्यात दोनच कामांना येतं. एक, खून होताना न ऐकायला. दोन, स्वतःचा खून करून घ्यायला. या पुस्तकात पहिल्यांदा ते शोध लावतंय. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! सोमवारी हे परत गेलं की याचे पुढचे भागही येणार नाहीत. तुमच्या दोन शब्दांवर ते जाणार आहे. म्हणून आले.'

मापसाहेबांनी ते वाचलं आणि त्यांना मनापासून लाज वाटली. चूक पकडली गेली म्हणून नव्हे. अकरा वर्षं या बाईंच्या हातची इस्त्री अंगावर मिरवली, पण त्या काय वाचतात, कशावर हसतात, हे विचारायची बुद्धी आपल्याला एकदाही झाली नाही, याची लाज! या बाईंचीही पानं आपण भरताड समजूनच उलटली होती.

'मत बदललं, तर उद्या माझ्या फळ्यावर विश्वास कोण ठेवील?' त्यांनी लिहिलं.

'मी ठेवीन,' ताईंनी लिहिलं. 'आजपर्यंत ठेवत नव्हते.'

मापसाहेब उठले. फळ्यापाशी तीन-चार सभासद उभे होते. त्यांच्या देखत त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि चारही पुस्तकांवरचं मत पुसून टाकलं. मग खडूने लिहिलं: 'रहस्यकादंबरीबद्दल मी चुकीचं लिहिलं. तिची एकवीस पानं मी न वाचता उलटली होती आणि पुरावा नेमका त्याच पानांत आहे. कमी माप पुस्तकाचं नव्हतं, माझं होतं. बाकीच्या तीन पुस्तकांवर सोमवारी लिहीन. तोवर ती नीट वाचतो.'

शनिवार-रविवार त्यांनी घरात वाचनाचा सपाटाच लावला. बायको म्हणाली, "आज सळसळ नाही ऐकू येत?" तेव्हा त्यांनी एक पुस्तक तिच्या हातात दिलं. "भुताची गोष्ट आहे. वाच आणि सांग. मोलकरणीला भूत दिसतं ते बरोबरच आहे गं. घराचे कोपरे झाडते कोण? तीच. बाकीचे त्या खोल्यांत पाऊलही टाकत नाहीत!"

सोमवारी फळा पुन्हा भरला. कुबड्या घेऊन चालणाऱ्या राजपुत्राला पुरं माप. मोलकरणीच्या भुताला पुरं माप, आणि वर सूचना, 'एकटे असताना वाचू नये.' अंतराळातल्या आजीला मात्र कमी मापच मिळालं. 'आजी झकास, तिच्या तोंडचं एकेक वाक्य खणखणीत,' मापसाहेबांनी लिहिलं होतं, 'पण पाण्याची टाकी फुटल्यावर यान तीन महिने कसं चाललं, ते लेखकाला ठाऊक नाही.' हे लिहिताना ते जरा कचरत होते. त्यांनी वही पुढे केली. ताईंनी लिहिलं, 'बरोबर आहे. मलाही खटकलं. आजी आहे म्हणून सूट द्यायची नाही!' ते पुस्तक परत गेलं.

रहस्यकादंबरी राहिली. समितीचे पाचही हात वर गेले आणि पुढच्या भागांची मागणीही नोंदवली गेली. ग्रंथपालबाईंनी पुस्तकावर शिक्का मारला. कडकताई आपलं कार्ड घेऊन हजर झाल्या, तर त्यांच्याआधी सात नावं लागलेली! त्या दोघांच्या भांडणाची बातमी तोंडोतोंडी पसरली होती ना. मापसाहेब ओशाळले. त्यांनी घाईने लिहिलं, 'माझं नाव तिसरं आहे. तुम्ही घ्या.'

'नको, रांग ती रांग,' ताईंनी लिहिलं. 'खुनी मी एकशे बाराव्या पानावरच ओळखला होता. शेवट तसाही तुम्ही फळ्यावर फोडलात.'

मापसाहेबांनी कानाला हात लावला. आता ते लॉन्ड्रीत शर्ट टाकायला गेले की वहीत लिहितात, आणि शर्ट कमी, पुस्तकं जास्त असा तो मजकूर असतो. मागे उभी असलेली गिऱ्हाइकं ताटकळतात.

तर मंडळी, मत जरूर असावं. ठाम असावं, चारचौघांत सांगावं, आवडलं नाही तर नाही आवडलं म्हणावं. नव्या पुस्तकांत आता नवी माणसं येताहेत. त्यांचं कौतुक केलंच पाहिजे असा कुणाचाही आग्रह नाही. आग्रह एवढाच, की त्यांची पानं गाळून निकाल देऊ नका. जो माणूस आपल्यासारखा नाही, तो गोष्टीत उगाच आलाय, असं ज्या क्षणी वाटेल, त्या क्षणी थांबा आणि ते पान सावकाश वाचा. पुस्तकातही वाचा आणि पुस्तकाबाहेरही. आणि एक विनंती: खुनी कोण हे आता तुम्हाला कळलंय, ते मात्र कुणाला सांगू नका. रांगेत अजून आठ माणसं आहेत.