बल्ब शेवटी

लिफ्ट तपासनिसाने सासऱ्यांच्या इमारतीची लिफ्ट स्वतःच्या हाताने बंद केली, त्या दिवसापासून सासरे त्याला ‘जेलरसाहेब’ म्हणू लागले. त्याआधी ते ‘जावईबापू’ म्हणत.

खरं तर बंद करण्यावाचून इलाजच नव्हता. ब्रेकची अस्तरं झिजून कागदाएवढी उरली होती आणि मुख्य दोराच्या तारा जागोजागी तुटून विस्कटलेल्या केसांसारख्या उभ्या राहिल्या होत्या. तपासनिसाने दारावर लाल पट्टी चिकटवली, खाली सही केली आणि पाच मजले चढून सासऱ्यांना सांगायला गेला. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे जन्मभर दुसऱ्यांचा माल मी विकला,” ते म्हणाले, “आणि शेवटी सील लागलं ते मलाच.”

सासरे लिलाव पुकारणारे. बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रं, जुनी कपाटं, वारसदारांना नको असलेले पियानो, सगळं त्यांच्या लाकडी हातोड्याखालून गेलेलं. त्यांचा आवाजच असा होता की नुसतं बघायला आलेला माणूस कपाट घेऊन घरी जायचा आणि बायकोला काय सांगायचं याचा विचार वाटेत करायचा. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक दुखरा गुडघा आणि दुसरं मोबाइलवरचं तीन मिनिटांचं बुद्धिबळ.

या बुद्धिबळात प्रत्येक खेळाडूला सगळ्या डावासाठी मिळून तीनच मिनिटं असतात. तुमचं घड्याळ संपलं की तुम्ही हरलात, मग पटावर तुमचं अख्खं सैन्य का उभं असेना. सासऱ्यांनी तिथे स्वतःचं नाव ‘शेवटची बोली’ असं ठेवलं होतं. जावयाने ठेवलं होतं ‘पिसाळलेला घोडा’.

इमारतीच्या समितीने दुरुस्तीसाठी तातडीची बैठक बोलावली आणि तीत पुढच्या बैठकीची तारीख ठरवली. सासरे दूध आणि भाजी गॅलरीतून टोपली सोडून वर ओढून घेऊ लागले. तपासनीस भेटायला गेला की त्याची नजर नकळत त्या टोपलीच्या दोरीवरच्या गाठीकडे जायची.

“बघू नका,” सासरे दरडावत. “ही खासगी लिफ्ट आहे.”

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एक दिवस खालच्या शेजारणीचा फोन आला. औषध आणायला उतरताना सासऱ्यांचा गुडघा तिसऱ्या मजल्यावर अडला होता आणि ते बराच वेळ पायरीवर बसून होते. येणाऱ्याजाणाऱ्याला ‘हवा खातोय’ असं सांगत होते. त्या जिन्याला खिडकी नाही.

तपासनिसाची बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. त्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाला दोन्ही डोळ्यांसाठी उजव्या डोळ्याचाच नंबर लिहून दिला. घरी येताच तिने वडिलांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“बाबा, लिफ्ट सुरू होईपर्यंत इकडे या. रिकामी खोली आहे, ऊन येतं.”

“पाहुणा तीन दिवसांत शिळा होतो, बेटा.”

“तुम्ही पाहुणे आहात का?”

“हे बघ, मला रोज एक डाव लागतो. तुझ्या नवऱ्याशी खेळायचं म्हणजे लहान मुलाच्या हातचा खाऊ काढून घेण्यासारखं आहे. मला पाप लागेल.” मग जरा थांबून, लिलावाच्या आवाजात, “बोली लावतो. दर रविवारी सकाळी एक डाव. ज्या रविवारी हे मला हरवतील, त्या रविवारी मी बॅग भरतो. तोवर हा विषय बंद.”

“मंजूर!” तपासनीस मागून ओरडला.

बायकोने फोन ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. “तू आजवर बाबांना किती वेळा हरवलंयस?”

“वेळांवर नाही ते. शैलीवर आहे.”

शैलीचं असं झालं होतं की त्याने इंटरनेटवर एक चाचणी दिली होती, ‘ओळखा तुमच्यातला खेळाडू’. संकट आलं की तुम्ही काय करता? त्याने उत्तर निवडलं, ‘धावून जातो’. वास्तविक संकट आलं की हा माणूस आधी टॉर्च मागतो. पण प्रश्न बुद्धिबळाचा होता आणि बुद्धिबळात आपण जरा वेगळं असावं, असं त्याला फार वाटे. चाचणीने निकाल दिला की तुम्ही जन्मजात आक्रमक. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं नसतं.

पहिल्या रविवारी पिसाळलेला घोडा चौखूर उधळला. सासऱ्यांनी फोन कानाशी नाही, स्पीकरवरच ठेवला होता, कारण खेळताना बोलणं हा त्यांच्या खेळाचाच भाग होता. त्यांनी एक उंट उघड्यावर आणून ठेवला.

“फुकट आहे, जेलरसाहेब. एक वार...”

तपासनिसाने उंट घेतला. दोन खेळ्यांत त्याचा वजीर गेला.

पुढच्या रविवारी घोडा फुकट होता. त्याच्या पुढच्या रविवारी चक्क हत्ती. “असा माल पुन्हा येणार नाही, दोन वार...” आणि तपासनिसाचं बोट आपोआप पुढे जायचं. हरल्यावर तो बायकोला समजावायचा की कल्पना योग्यच होती, फक्त अंमलबजावणीत घोडं पेंड खातंय.

“अरे, मी एक विचारू?” एका रविवारी ती म्हणाली. “आपण कुठल्याही लिफ्टमध्ये शिरताना तू आधी छताकडे बघतोस, मग जमिनीकडे, मग दार एकदा हाताने दाबून बघतोस. हॉटेलात आपल्या मागे रांग लागते. लाज वाटते मला. मग खेळताना दार उघडं दिसलं की सरळ उडी कशी मारतोस?”

“ती नोकरी आहे. हा खेळ आहे.”

“माणूस एकच आहे ना? का तोही भाड्याने आणतोस?”

बाण वर्मी लागला. त्याने त्या दुपारी आपले हरलेले डाव एकेक करून उघडले, अपघातग्रस्त लिफ्ट उघडावी तसे. चाली दिसत नव्हत्या म्हणून तो हरला होता असं नाहीच. बहुतेक डावांत कुणीतरी काहीतरी फुकट देऊ केलं होतं आणि त्याने ते घेतलं होतं. मग त्याने अनोळखी लोकांशी जिंकलेले डाव पाहिले. त्यांत एकही हल्ला त्याचा नव्हता. समोरचाच अंगावर आला होता, याने कंटाळवाणेपणाने एकेक फट बुजवत नेली होती आणि समोरचा वैतागून चुकला होता.

“मी आक्रमक नाहीच,” त्याने बायकोला जाऊन सांगितलं. चेहरा असा, जणू रक्तगट बदलल्याचं कळलंय. “मी संशयी आहे.”

“अभिनंदन,” ती म्हणाली. “लग्नाच्या आधी तुझ्या ताईने मला हेच सांगितलं होतं.”

त्यानंतर तो संशयाने खेळू लागला आणि नवीनच पंचाईत झाली. प्रत्येक खेळीआधी तो सगळा पट तपासायचा. हे प्यादं सुरक्षित आहे का? ते? त्या पलीकडचं? सासऱ्यांचे सापळे एकामागून एक वाया गेले, पण पटावर छान भक्कम किल्ला उभा असताना त्याचं घड्याळ संपलं. पुढच्या रविवारीही तेच.

“तुम्ही डाव खेळताय की पटाला प्रमाणपत्र देताय?” सासऱ्यांनी विचारलं. ते खूश होते, पण त्यांचा आवाज थकलेला होता. बायकोने लगेच विचारलं, “बाबा, औषध आणलंत का?” पलीकडून उत्तर आलं, “टोपलीतून मागवतो.” नाक्यावरचा औषधवाला टोपलीत औषध ठेवायला येत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

कोडं सुटलं ते एका बँकेच्या इमारतीत. तपासनीस यंत्रखोलीत दोर मोजत होता आणि बँकेचा व्यवस्थापक दारात उभा राहून तक्रारी सांगत होता. लिफ्टचा आरसा तडकलाय, पंखा करकरतो, बल्ब लुकलुकतो, गिऱ्हाइकांवर काय छाप पडणार?

“बल्ब शेवटी,” तपासनीस मान वर न करता म्हणाला. “आधी ज्याने माणूस मरतो ते. दोर, ब्रेक, दार. बल्बने आजवर कुणी मेलं नाही.”

हे वाक्य त्याने नोकरीत शेकडो वेळा उच्चारलं असेल, पण ऐकलं पहिल्यांदाच. हातातली मोजपट्टी तशीच राहिली. सगळं तपासायचं असतं असं त्याला कुणी सांगितलं होतं? लिफ्टमध्ये तरी तो कुठे सगळं सारख्याच बारकाईने तपासायचा? संशयालाही क्रम असतो. तो क्रम त्याच्या अंगात मुरला होता. फक्त पटासमोर बसताना तो ऑफिसातच राहून जायचा.

त्या आठवड्यात त्याने अनोळखी लोकांशी खेळताना दोनच प्रश्न ठेवले. माझा राजा मरतोय का? माझा वजीर जातोय का? दोन्हींचं उत्तर नाही आलं की लगेच खेळायचं. प्यादं गेलं? बल्ब. समोरच्याने काही फुकट देऊ केलं? तोही बल्ब, चकचकीत असला तरी. तो जिंकू लागला. रोज नाही, पण हरलाच तर हरण्याचं कारण त्याला सांगता यायचं, आणि त्याच्यासारख्या माणसाला ते जिंकण्याच्या खालोखाल आवडतं.

रविवार आला. बायको टेबलाच्या पलीकडे बसली.

सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे धडाक्यात सुरुवात केली आणि लवकरच एक घोडा आणून ठेवला. “जातिवंत आहे. एक वार, दोन वार...”

राजा? ठीक. वजीर? घोडा घेतला तर अडकतो. त्याने घोडा तसाच राहू दिला आणि आपल्या राजापुढचं एक प्यादं एक घर सरकवलं.

“ही काय खेळी?” सासरे हसले.

“संकटकाळचं दार.”

“राजाला पळायला? अजून शह तरी दिलाय का मी?”

“दार आधी बसवतात, बाबा.”

सासरे भलतेच खूश झाले. त्यांनी वजीर आत घुसवला आणि कोपऱ्यातलं एक प्यादं खाल्लं. तपासनिसाने पाहिलं, राजा ठीक, वजीर ठीक. बल्ब. सासऱ्यांनी दुसरं प्यादं खाल्लं. “अहो, लक्ष आहे का? दुकान लुटतोय मी तुमचं!” त्यांनी हत्तींची अदलाबदल केली आणि तिसऱ्या प्याद्याकडे वळले. सौद्यात मिळतंय म्हटल्यावर सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. फुकटचं गिऱ्हाइकाला कसं विकायचं, ते त्यांना पुरेपूर माहीत होतं. फुकटच्या मालापुढे आपणही गिऱ्हाईकच असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तपासनिसाच्या घड्याळात थोडेच सेकंद उरले होते. त्याची नजर सवयीने सासऱ्यांच्या राजावर गेली. कोपऱ्यात राजा, समोर स्वतःचीच तीन प्यादी ओळीत उभी, न हललेली. मागची सगळी ओळ मोकळी. वजीर पटाच्या दुसऱ्या टोकाला प्यादी चरतोय. इतकी वर्षं तो अशा पेट्या तपासत आला होता. माणूस आत, दार बंद, बाहेर यायला वाट नाही.

त्याने हत्ती सरळ शेवटच्या ओळीपर्यंत नेला.

फोनमधून टेबलावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला, आणि ते काय हे बायकोने ओळखलं. जुना हातोडा सासरे अजून चष्म्याशेजारीच ठेवत.

“मात,” तपासनीस स्वतःच्याच कानांवर विश्वास नसल्यासारखा म्हणाला.

“हे चालणार नाही,” सासरे म्हणाले. “मी बोलत होतो. बोलताना लक्ष जातं.”

“बोलायला कुणी सांगितलं होतं?”

“तीन डावांपैकी दोन! रीतसर!”

बायकोने नवऱ्यासमोरचा फोन ओढून घेतला. “बाबा, बोली कुणी लावली होती?”

“मी. पण ऐक...”

“हातोडा पडल्यावर कुणी नवीन आकडा पुकारला तर तुम्ही काय करायचात?”

पलीकडून नुसतं खाकरणं ऐकू आलं.

“काय करायचात, बाबा?”

“हाकलून द्यायचो,” सासरे अखेर म्हणाले.

“एक वार,” ती म्हणाली. “दोन वार.”

“पुरे, पुरे. तिसरा म्हणू नकोस, विकला गेलो मी. तो निळा स्वेटर कुठे ठेवलाय तुझ्या आईने, तेवढं सांग.”

आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्वेटर कुठे आहे ते मुलीने बरोबर सांगितलं.

दुपारी तपासनीस त्यांना आणायला गेला. बॅग त्याच्या पाठीवर, टोपली त्याच्या हातात, आणि सासरे त्याच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी. प्रत्येक मजल्यावर थांबून ते त्या डावातली आपली एकेक चूक नाकारत होते. तिसऱ्या मजल्यावर ते पायरीवर बसले. तपासनीसही शेजारी बसला.

“हवा खाताय?” त्याने विचारलं.

“गप्प बसा,” सासरे म्हणाले. पुढे ‘जेलरसाहेब’ मात्र जोडलं नाही.

मुलीचं घर सातव्या मजल्यावर. लिफ्टचं दार उघडलं. सासरे आत शिरले नाहीत. त्यांनी भिंतीवरचं तपासणीचं प्रमाणपत्र चष्मा वर करून वाचलं.

“सही तुमचीच?”

“माझीच.”

“दोर?”

“बघितलाय.”

“ब्रेक?”

“गेल्या महिन्यात बदलून घेतलाय.”

सासऱ्यांनी वर पाहिलं. छतातला बल्ब लुकलुकत होता, एकदा विझत होता, पुन्हा लागत होता.

“आणि हा?”

“तो शेवटी.”

सासऱ्यांनी जावयाकडे नीट निरखून पाहिलं, एखादी वस्तू लिलावाला काढण्याआधी पाहावी तसं. मग गुडघा सांभाळत आत पाऊल टाकलं.

“चला, जावईबापू. दाबा सातवा. वर जाईपर्यंत एक डाव होईल.”