धावड्याचा 'व'

मी मस्तगडातल्या चष्म्याच्या दुकानाचा संगणक बोलतोय. आवाज जरा घरघरतो, वय झालंय.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतं ते अठ्ठ्याण्णव साल आणि प्रेमलाचा हात. दुकानमालक गजाननरावांची ही सून. लग्नानंतर क्लासला जाऊन ती प्रोग्रॅम लिहायला शिकली आणि तिच्या शब्दाखातर सासऱ्यांनी मला औरंगाबादहून आणलं. चष्मे विकायला हा डबा कशाला, म्हणून शेजारी हसले. मला राग आला होता.

तिचा प्रोग्रॅम साधा होता. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा नंबर घ्यायचा आणि माझ्यातल्या त्याच्या गावाच्या कप्प्यात, म्हणजे फोल्डरमध्ये, फाइल करून लिहायचा. फाइल मी करतो, पण कप्पा आधीच तयार असावा लागतो. अंबडचे नंबर बिनबोभाट गेले, भोकरदनचेही गेले. धावड्याचं नाव आलं की मात्र मी अडून बसायचो. 'पाथ नॉट फाउंड', म्हणजे सांगितल्या वाटेवर तसा कप्पाच नाही. घेतलेला नंबर वाया जायचा आणि तो टिपलेला कागद तर माझ्या भरवशावर फेकून दिलेला असायचा.

धावड्याच्या झुंबरबाई त्यापायी दुसऱ्यांदा डोळे तपासायला आल्या.

"आता परत येनं व्हनार न्हाई, बाई," त्या प्रेमलाला म्हणाल्या.

गजाननरावांचा चेहरा उतरला. आज जमलं नाही तर डबा परत पाठवायचा आणि सुनेने उद्यापासून घर बघायचं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. प्रेमलाने प्रोग्रॅम पुन्हा उघडला. मला फार वाईट वाटलं, पण पडद्यावरच्या त्या एका ओळीपलीकडे मला काही सांगता येत नव्हतं.

तिने प्रोग्रॅममधलं नाव वाचलं, धावडा. त्यांनी कप्प्यावरचं वाचलं, धावडा.

"बराबर तर आहे," ते म्हणाले. "याचंच डोकं फिरून राह्यलं."

पुन्हा वाचलं, पुन्हा तेच. चष्म्याच्या दुकानातली माणसंसुद्धा डोळ्यांनी कमी आणि सवयीने जास्त वाचतात.

शेवटी प्रेमलाने सासऱ्यांना कप्प्याच्या नावातलं एकेक इंग्रजी अक्षर म्हणायला लावलं. डी, एच, ए, व्ही...

"थांबा मामा. व्ही? मी तर डब्ल्यू लिहिलाय."

कप्पा गजाननरावांनी स्वतः केला होता, सुनेला मदत म्हणून, मोठ्या हौसेने. त्यांचा 'व' व्हीचा, तिचा डब्ल्यूचा. मराठीत गाव एकच, माझ्या लेखी दोन. प्रेमला निमूटपणे आपलं अक्षर खोडायला लागली.

"राहू दे," गजाननराव म्हणाले. "माझा व्ही काढ. तुझंच नाव ठेव."

तिने कप्प्याचं नाव बदललं. झुंबरबाईंचा नंबर मी जपून लिहिला.

आता गजाननराव नाहीत. दुकान प्रेमला बघते, टेबलावर नवं यंत्र आहे आणि मला उद्या भंगारवाला नेणार. माझी तक्रार नाही. जाता जाता एवढंच मागतो, की दोघांचंही बरोबर असून काम अडलं, तर थोरल्यांनी आपलं अक्षर मागे घ्यावं. धाकटे तर रोजच घेतात.