नमस्कार करणारी मोटार

या मित्रांनो, जरा पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलात तर माझा आवाज पोहोचायचा नाही, माझा हॉर्न हल्ली घसा बसल्यासारखा वाजतो. जवळ बसा, म्हणजे माझ्या भीतीची गोष्ट सांगते. मोटारीलाही भीती वाटते, हे तुम्हाला आजवर कुणी सांगितलं नसेल.

मी एक जुनी मोटार आहे. रंग काळा, डोळे गोल, पोट मोठं. माझा जन्म झाला तेव्हा तुमचे आजोबा अर्ध्या चड्डीत शाळेला जात असतील. कारखान्यात पत्र्यावर ठोके खाल्ले, रंगाने न्हाले आणि सोलापूरला आले. तिथल्या सात रस्ता चौकात पहिल्यांदा वळले तेव्हा टांगेवाल्यांनी लगाम ओढून माझ्याकडे पाहिलं होतं. पहिल्या मालकाने मला वरातीत मिरवलं, दुसऱ्याने वर्षानुवर्षं दारात उन्हात वाळत ठेवलं. मग मी आबासाहेबांकडे आले आणि माझं भाग्य उजळलं.

आबासाहेब कीर्तनकार. मला चालवायचा गुरप्पा, मूळचा अक्कलकोटकडचा. तीस वर्षं आम्ही तिघं गावोगाव हिंडलो. निघण्याआधी गुरप्पा माझ्या स्टेअरिंगच्या चाकाला कपाळ टेकवायचा. कीर्तन सुरू झालं की मी मांडवामागे उभी राहून ऐकत असे. माझं तापलेलं इंजिन गार होताना टिक टिक वाजायचं. मला वाटायचं, मीही टाळ धरलाय.

तेव्हा माझ्यात खच्चून माणसं बसायची. मृदंगवाला, टाळकरी, पेटी आणि डिकीत नारळांची पोती. ओझ्याने माझी कंबर रस्त्याला टेकायला लागली. मग आबासाहेबांनी रस्त्यावरच्या एका दुकानात माझ्या मागच्या कमानीला, म्हणजे मागचं ओझं पेलणाऱ्या स्प्रिंगला, दोन जादा पोलादी पाटे घालून घेतले. कंबर ताठ झाली. पुढे टाळकऱ्यांनी स्वतःची जीप केली. माझ्यात राहिले आबासाहेब, गुरप्पा आणि एक पेटी. पाटे मात्र तसेच राहिले.

ओझं उतरलं तशी माझी पाठ वर गेली आणि नाक खाली आलं. देवळापुढे उभी राहिले की वाकल्यासारखी दिसू लागले. लोकांना त्याचं काय कौतुक. कुणी माझ्या बॉनेटला हळदीकुंकू लावलं. आबासाहेबांनी तर मला कीर्तनात घेतलं. म्हणाले, "अहो, आमची लोखंडाची मोटार नमस्कार करून उभी ऱ्हाती, आन आपली मान वाकत न्हाय."

एकदा गुरप्पा म्हणाला होता, "आबा, मागनं लई उंच दिसतीय. पाटं काढायचं काय?"

"राहू दे की. देवाच्या दारात वाकून उभी ऱ्हाती. तुज्यासारखी ताठ न्हाय ती."

गुरप्पा हसला. खरं सांगू, मलाही तो मान आवडला होता. तिथेच आम्ही सगळे चुकलो.

काही दिवसांनी माझी पुढची चाकं चंचल झाली. गुरप्पाने बोटभर वळवावं तर मी हातभर वळायची. वळण संपलं तरी चाकं आपण होऊन सरळ यायची नाहीत. मोठी गाडी शेजारून गेली की तिच्या वाऱ्यानेच मी बाजूला ओढली जायची. सरळ रस्त्यावर गुरप्पाला सारखं डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे करावं लागे. मला कळत होतं, पण सांगणार कशी? माझे स्वतःचे पाय माझं ऐकेनासे झाले होते. अशी भीती कुणाच्या वाट्याला येऊ नये.

एका गॅरेजात हवा तपासली, चाकांचे जोड बदलले. दुसऱ्याने स्टेअरिंगचा बॉक्स घट्ट आवळला, त्याने चाक आणखीच अडकू लागलं. दोघांनीही मला गर्दीत, बैलगाडीच्या वेगाने फिरवून पाहिलं. त्या वेगात मी शहाण्यासारखी चालते. एक जण आबासाहेबांना बाजूला घेऊन म्हणाला, "गाडीत काय न्हाय, बुवा. ड्रायव्हरचं वय काय हाय?"

ते गुरप्पाने ऐकलं. मीही ऐकलं.

त्यानंतर गुरप्पा सकाळी दाराच्या पायरीवर बसायचा, चहाचा पेला दोन्ही हातांत धरायचा आणि चहाकडे टक लावून बघत राहायचा. त्याची बायको महादेवी विचारायची, "काय पडलंय त्यात?"

"काय न्हाय."

तो माशी शोधत नव्हता. चहा हलतोय का, ते बघत होता.

आणि मग वळसंगच्या अलीकडचा तो उतार आला. भर दुपार. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला. गुरप्पाने मला जराशी डावीकडे घेतली आणि मी सुटलेच. कडेला एक बाई शेळीचं दावं धरून उभी होती. गुरप्पाने उजवीकडे ओढलं तर मी ट्रॉलीकडे धावले. ऊस माझ्या काचेला घासला. पुन्हा डावीकडे. "यप्पा," एवढंच गुरप्पाच्या तोंडून आलं. धूळ खाली बसली तेव्हा माझा बंपर आणि त्या बाईची शेळी यांच्यात चार बोटं अंतर होतं. शेळी माझ्या दिव्याचा वास घेत होती. बाई मटकन खाली बसली होती.

आबासाहेब बराच वेळ नाम घेत राहिले. मग हळूच म्हणाले, "गुरप्पा, तुजं हात थरथरत्यात काय रं?"

घरी पोहोचल्यावर गुरप्पाने किल्ली देव्हाऱ्यापुढे ठेवली.

ठरलं असं, की गुरुवारी अक्कलकोटच्या कीर्तनाला मला शिवराज चालवणार. शिवराज हा नवा ड्रायव्हर, हसरा आणि वेगाचा शौकीन. मित्रांनो, तेव्हा मी जितकी घाबरले तितकी कधी घाबरले नव्हते. उतारावर मला वाचवलं ते गुरप्पाच्याच हातांनी. माझी एकेक थरथर वाढण्याआधी तो तळव्याने ओळखायचा. ते हात काढून घेतले तर गुरुवारी त्या उतारावर आबासाहेबांचं काय होईल? मला ओरडावंसं वाटे. ओरडणार कशाने, हॉर्नसुद्धा दुसऱ्याने दाबावा लागतो.

बुधवारी सकाळी गुरप्पा आबासाहेबांना म्हणाला, "एकदा येडू मिस्त्रीकडं जाऊ. त्यानं हात वाईट म्हटलं तर हात वाईट." आम्ही रस्त्याच्या कडेने सावकाश गेलो.

येडू मिस्त्री सांगोल्याकडच्या मेंढपाळांच्या घरातला. त्याने बॉनेट उघडलंच नाही. रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि उकिडवा बसून माझ्याकडे बघत राहिला.

"मिस्त्री, गाडी हितं हाय की," गुरप्पा म्हणाला.

"दिसतीय. आमचा बाप मेंढरू घेताना तोंड नंतर बघायचा. आदी लांबनं उभं कसं ऱ्हातंय ते बघायचा." तो उठून आला. "ही वाकलीय का?"

"नमस्कार करती ती," आबासाहेब म्हणाले.

"कुणाला? माज्या गॅरेजला?" येडू हसला नाही. "आबा, ही नमस्कार करत न्हाय. हिचा तोल गेलाय."

त्याने भिंतीला लावलेली सायकल आणली आणि पुढचं चाक धरून ठेवणारा चिमटा दाखवला. चिमटा हँडलपासून खाली येताना जरा पुढे झुकलेला असतो, त्या कलामुळे चाक आपोआप सरळ होतं. येडूने सायकलचं मागचं चाक उचललं, तसा चिमटा उभा झाला. "मोटारीतबी असाच कल असतोय. पाठ वर गेली, कल गेला. मग चाक सरळ यायचं इसरतंय. पुढचं जोड कितीबी बदला."

मग त्याने माझ्या डिकीत वाळूची पोती टाकली. पाठ खाली आली, मान वर झाली. "आता चल, गुरप्पा. मोकळ्या रस्त्याला."

आबासाहेब शेजारी बसले, येडू मागे. मी भीतभीतच वेग घेतला. शेजारून ट्रक गेला, मी ओढली गेले नाही. वळण आलं. वळण संपताना येडू मागून म्हणाला, "पकड ढिली कर." गुरप्पाने बोटं उघडली. माझं चाक त्याच्या तळव्यांतून अलगद फिरत आपण होऊन सरळ झालं.

गुरप्पा स्वतःच्या हातांकडे बघत होता. ते हलत नव्हते.

"गुरप्पा," आबासाहेब खाली बघत म्हणाले, "तू पाटं काढ म्हणला व्हतास. मीच ऐकलं न्हाय. वाकलेलं दिसलं की मला भक्तीच दिसती रं."

"असू दे, आबा. चहा घेऊ." तो दुपारचा चहा गुरप्पाने एका हाताने प्याला, पेल्यात न बघता.

येडूने त्याच दिवशी जादा पाटे काढले आणि आवळलेला बॉक्स पुन्हा बेताने सैल केला. गुरुवारी गुरप्पानेच मला अक्कलकोटला नेलं. आबासाहेबांनी कीर्तनात आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली. मी मांडवामागे उभी होते, कित्येक दिवसांनी समतोल. एका आजीने विचारलं, "आज गाडी नमस्कार करीना झाली?"

गुरप्पा म्हणाला, "आज ती सरळ आलीय, आजी."

तो उतार आला की मला अजून भीती वाटते. मित्रांनो, जुन्या वस्तूची दुखणी तिला बोलता येत नाहीत. चार पावलं मागे जाऊन, ती उभी कशी आहे ते तुम्हीच बघा. आणि कधी एखाद्या म्हाताऱ्या हाताला कुणी दोष देऊ लागलं, तर गुरप्पाची आठवण काढा. थरथरत होते मी. त्याचे हात मला सावरत होते.